ताईचे तंबोरे

ताई गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. पाहुणे आपापल्या गावी परतले होते, बाहेरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली होती. दाजी मला म्हणाले, "जरा आत ये." आतल्या खोलीच्या कोपऱ्यात दोन तंबोरे भिंतीला टेकून उभे होते. गवसण्या चढवलेल्या, नाड्या बांधलेल्या. नाड्यांची ती गाठ ताईनंच मारलेली होती, दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी. "यांचं काय करायचं ते तू सांग," दाजी म्हणाले. "मला गाण्यातलं कळत नाही. पण ही गाठ सोडायची माझ्याच्यानं होत नाही."

माझ्याच्यानंही झाली नाही. त्या दिवशी आम्ही दोघं तिथे नुसते उभे राहिलो आणि मग चहा करायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

ताई सांगलीला राहायची. चाळीस वर्षं तिनं घराच्या बाहेरच्या खोलीत गाणं शिकवलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांना मुली बसवल्या. त्यांतल्या काही विशारद झाल्या, बहुतेकींची लग्नं झाली आणि गाणं सुटलं, दोघीतिघी मात्र अजून गातात. पण गावात तिची ओळख होती ती तंबोऱ्याच्या साथीची. बाहेरगावचा गवई आला, की ताईला निरोप यायचा. ती संध्याकाळी पाचलाच जाऊन बसायची आणि तासभर तंबोरे लावत राहायची. चार तारा. आधी पंचम, मग जोडाच्या दोन, मग खर्ज. लोक येऊन बसेपर्यंत तिचं काम निम्म्याहून अधिक झालेलं असायचं. पुढचे तीन तास ती गवयाच्या मागे बसून त्याच चार तारा, त्याच क्रमानं, त्याच वेगानं छेडत राहायची. गवई रंगला तरी हात घाई करायचा नाही, आणि तो चुकला तरी तिच्या चेहऱ्यावर उमटायचं नाही. शेवटी टाळ्या व्हायच्या, गवई तबलजीकडे हात करायचा, पेटीवाल्याकडे हात करायचा. कधी आठवण झाली तर मागे वळायचा.

पेपरात द्यायला तिचा फोटो शोधू लागलो तेव्हा हे फार बोचलं. गाण्याच्या बैठकींचे कितीतरी फोटो निघाले, पण प्रत्येकात ताई अर्धीच. गवयाच्या खांद्याआडून एक डोळा, कपाळावरचं कुंकू, तंबोऱ्याच्या दांडीवरची बोटं. शेवटी भाच्याच्या लग्नातला फोटो दिला. त्यात ती पूर्ण होती, पण ती ताई वाटत नव्हती.

मग प्रश्न आला तो तिच्या नावानं काय करायचं हा. तिनं शिकवणीचे पैसे पोस्टात साठवले होते. दाजी म्हणाले, मला त्यातला रुपया नको, तिच्या नावानं काहीतरी चांगलं होऊ दे. दादानं देवळात पंखा द्यावा असं सुचवलं. मला त्या सुचवण्याचा राग आला आणि नंतर त्या रागाची लाज वाटली. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात पंखे असतात, त्यांच्या पात्यांवर लाल रंगात नावं असतात: कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ. टेकडीवरच्या बाकांवर असतात, स्मशानातल्या पाण्याच्या टाकीवर असतात, मंगल कार्यालयातल्या ताटांवर कोरलेली असतात. ज्यांच्याकडे पाचशे रुपयेच होते त्यांनी पाचशे रुपयांत आपलं माणूस कुठेतरी टिकवून ठेवलं. वैशाखातल्या दुपारी कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला त्या पंख्याचा वारा लागतो, तेव्हा ते दान खरंच पोचलेलं असतं. पण ताई त्या पंख्यात नव्हती, एवढंच मला कळत होतं.

दुसरी भीती पैशाची होती. आमच्या आजोबांच्या नावानं त्यांच्या मित्रांनी १९७४ साली एका शाळेत एक हजार रुपये ठेवले होते. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलाला व्याजातून बक्षीस. त्या काळी वर्षाचं ऐंशी-नव्वद रुपये व्याज येई आणि त्यात वर्षभराची पुस्तकं व्हायची. त्या बक्षिसाचा मुलगा आमच्या घरी पेढे घेऊन यायचा, हे मला आठवतं. आज त्याच हजाराचं साडेसहा टक्क्यांनी पासष्ट रुपये व्याज होतं. मध्यंतरी शाळेनं अशी बारीक बारीक बक्षिसं एकत्र करून एकच प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली आणि त्यावर कुणाचंच नाव राहिलं नाही. शाळेचा त्यात दोष काढता येत नाही. हजार रुपये जागच्या जागी राहिले आणि पुस्तकांची किंमत पुढे निघून गेली. ठेव ठेवली म्हणजे ती कायमची झाली, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याच महिन्यात पुण्याला जाणं झालं आणि मोकळी दुपार होती म्हणून मी केळकर संग्रहालयात गेले. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं; तेव्हा मस्तानी महाल तेवढा लक्षात राहिला होता. या वेळी दारावरचं नाव वाचून थबकले. राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुष्कळांना वाटतं, कुणा राजेसाहेबांचा संग्रह असावा. राजा हा दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा. तो लहान वयातच गेला. दिनकरराव संस्थानिक नव्हते की सावकारही नव्हते. चष्म्यांचं दुकान चालवायचे आणि 'अज्ञातवासी' या नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव हिंडून, वाडे मोडत होते तिथे जाऊन, जुन्या बाजारात बसून त्यांनी वीस हजारांच्या वर वस्तू गोळा केल्या, संग्रहाला मुलाचं नाव दिलं, आणि हयातीतच तो सगळा राज्य सरकारच्या हवाली केला. १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन ते गेले.

आणि वस्तू तरी कसल्या! रत्नं, सिंहासनं असं फारसं नाहीच. दिवे आहेत, नाना तऱ्हांचे दिवे. अडकित्ते आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत, पानाचे डबे, कुलपं, दौती, कुंकवाचे करंडे, कोरीव दरवाजे. ज्यांना हात लागून लागून गुळगुळीत झालेलं असतं अशा वस्तू. एकेका अडकित्त्यावर कारागिरानं एवढा जीव लावलाय, आणि कामाचं म्हणाल तर सुपारी फोडायची. मी त्या काचेपुढे उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ज्या मुलाचा संसार कधी मांडलाच गेला नाही, त्याच्या नावानं बापानं केवढा संसार मांडून ठेवलाय. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत. हे बोलून दाखवलेलं कुठेही नाही, पाटीवर नाही, पत्रकात नाही. तो त्यांचा हेतू होता असंही मी म्हणणार नाही. पण माझं माणूस नुकतंच गेलेलं असल्यामुळे मला ते तसं दिसलं आणि आता दुसऱ्या तऱ्हेनं दिसणार नाही.

वाद्यांच्या दालनात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. सुंदर वाद्यं आहेत. आणि गप्प आहेत. एखाद्या तंतुवाद्याला काचेआड किती जपलं तरी ते वाजत नसेल तर त्याचा आवाज हळूहळू जातो, हे ताईकडून ऐकलेलं. संग्रहालयाचं काम वस्तू राखण्याचं आहे आणि ते त्यांनी केलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दाजींच्या घरातल्या त्या कोपऱ्याची मला आठवण झाली आणि एक गोष्ट तिथेच पक्की झाली. तंबोरे शोभेला ठेवायचे नाहीत.

दिनकररावांसारखाच आणखी एक बाप मुंबईत होऊन गेला, पैशानं त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ त्यासाठी पैसा दिला. मुंबईत चित्रकारांना हक्काची जागा हवी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत के. के. हेब्बार आणि होमी भाभा होते. वास्तू दुर्गा बाजपेयींची. आज तिथे प्रदर्शनाची तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. खेड्यातल्या चित्रकला शिक्षकाचा मुलगा जे. जे. मध्ये शिकतो आणि एक दिवस आईवडिलांना गावाहून बोलावून 'जहांगीर'मध्ये आपलं चित्र दाखवतो. "जहांगीरला लागलं" एवढं म्हटलं की पुरतं. पुढे काही सांगावं लागत नाही. त्या वेळी त्या घरातल्या कुणालाही माहीत नसतं, की हे एका मुलाचं नाव आहे आणि त्याच्या बापानं ते रडून झाल्यावर इथे ठेवलंय. पूर्वी मला हे वाईट वाटलं असतं. आता वाटत नाही. नाव विसरलं गेलं तरी ते तोंडात आहे. रोज, कितीतरी जणांच्या.

सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं, कारण तिथे ताई होती. डिसेंबरात चार दिवस ती आमच्याकडे पुण्याला यायची आणि आम्ही रमणबागेत भारतीय बैठकीवर शाली पांघरून बसायचो. मी पेंगले की ती कोपरानं ढोसायची. तिचं लक्ष मात्र गवयावर कमी आणि मागच्या दोघांवर जास्त. "डावीकडचा खर्ज उतरलाय बघ," असं ती माझ्या कानात म्हणायची, आणि मिनिटाभरात त्या तंबोऱ्यावरच्या मुलाचा हात खुंटीकडे जायचा.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली गेले. दुसऱ्या वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या पुण्यतिथीला गाणं करायचं ठरवलं आणि आर्य संगीत प्रसारक मंडळानं ते सुरू केलं. आज त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. भीमसेनजी स्वतः एवढे मोठे झाले, की २०११ साली ते गेल्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं. त्या महोत्सवातली एक गोष्ट मला देवळातल्या शेजारतीसारखी वाटते. अखेरीला सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. हजारो लोक चपला घालायचे थांबतात. आवाजात खरखर आहे, मुद्रण जुनं आहे. ज्या माणसासाठी हे सगळं चाललं, तोच शेवटी गातो. ताई त्या वेळी कधीच बोलायची नाही आणि मी तिच्याकडे बघायची नाही.

सवाई गंधर्वांच्या गावी, कर्नाटकातल्या कुंदगोळच्या नाडगीर वाड्यातही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं त्याच कुंदगोळला त्यांच्याकडे शिकायला जायच्या. आणि सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ यांची कबर मिरजेला, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात आहे. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेत एका लहानशा रेल्वे स्टेशनवर त्यांचा देह पडला. पण त्यांना आणलं मिरजेला, कारण ते मिरजेचे झाले होते. दर उरुसाला दर्ग्याच्या आवारात त्यांच्या आठवणीत गायक-वादक हजेरी लावतात. सांगलीहून मिरज ती केवढी, ताई दर वर्षी जायची. कुणी बोलावलं तर साथीला बसायची, नाही तर ऐकायला. गुरूसाठी शिष्यानं मांडलेली बैठक, त्या शिष्यासाठी त्याच्या शिष्यानं मांडलेली बैठक. कागदावरचा कायम निधी आणि हा कायम निधी यांत काय फरक आहे, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता सांगता येईल. इथे मुद्दल माणसांचं आहे. ते दर पिढीला कुणीतरी नव्यानं भरावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. होमी भाभांचा मलबार हिलवरचा बंगला, 'मेहेरांगीर'. आई मेहेरबाई आणि वडील जहांगीर यांच्या नावांची जोड. १९६६ साली होमी भाभा विमान अपघातात गेले, बंगला धाकटे भाऊ जमशेद यांच्याकडे आला. जमशेद भाभांनी आयुष्य घातलं ते नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या संगीत-नाटक-नृत्याच्या संस्थेच्या उभारणीत, आणि २००७ साली ते गेले तेव्हा बंगला त्या संस्थेला देऊन गेले. २०१४ साली त्याचा लिलाव झाला, ३७२ कोटी रुपयांना. होमी भाभांचं स्मारक म्हणून घर राखावं, असं म्हणत काही जण कोर्टात गेले होते. घर राहिलं नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. त्या भिंतींना जीव लावणाऱ्यांचं दुःख खरं होतं. आणि भावानं घर दिलं ते कलेसाठी, हेही खरं होतं. त्या पैशातून संगीत, नाटक, नृत्य पुढची कितीतरी वर्षं चालेल. आपल्या माणसाची वस्तू राखायची, की त्याच्या आवडीचं काम चालू ठेवायचं? श्रीमंतांच्या बाबतीत हा प्रश्न कोटींचा असतो, आमच्यापुढे तो दोन तंबोऱ्यांच्या आकाराचा होता. पण प्रश्न तोच.

शेवटी एका सकाळी मी आणि दाजी तंबोरे रिक्षात आडवे घालून, मांडीवर भोपळे धरून मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो.

या गल्लीबद्दल थोडं सांगायला हवं. इथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले घडवणारे. राज्यं गेली, हत्यारांची मागणी गेली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्य दुरुस्त करता करता नवं वाद्य घडवायला सुरुवात केली, आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वेलावर पिकून कडक झालेले आणि मग कितीतरी दिवस सुकवलेले. दांडी, तबली तुणाच्या लाकडाची. सगळं हातानं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ताई हयात होती. तिनं फोन करून सांगितलं होतं, घरातल्या कुणाला पदक मिळाल्यासारखं.

कारागिरानं तंबोरा हातात घेतला आणि बोलता बोलता गाठ सोडली. सहज, दोन बोटांनी. माझ्याकडे किंवा दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला काय माहीत. दाजी उठून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यानं खुंट्या थोड्या पिळल्या, खर्जावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "जवारी बसलीय. काढून देतो."

घोडीवर तार जिथे टेकते तिथला पृष्ठभाग अगदी हलका उतरता असतो, तीच जवारी. तार कंपताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा घासते आणि त्यातून ती झणत्कारती आस निघते. चार तारांतून गंधार ऐकू येतो म्हणतात तो त्यामुळेच. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. पण वाजवून वाजवून तार घोडीत आपली चर पाडते, उतार बिघडतो, आवाज बोदा होतो. मग कानसीनं घोडी पुन्हा घासायची. ते मापावर होत नाही, कानावर होतं. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. ज्या तंबोऱ्याची जवारी नीट काढलेली नाही तो नुसता लाकूड आणि भोपळा. बिघाड होतो तो वाजवल्यामुळेच, म्हणून वाजता तंबोरा आयुष्यभर सांभाळावा लागतो.

तो काम करत होता तेव्हा मी रिकाम्या गवसणीची घडी घालत होते. आतल्या खिशात काहीतरी टणक लागलं. एक पत्र्याची डबी: तारांची वेटोळी, रेशमी दोरा, दोन मणी. आणि एक छोटी वही. ताईचं अक्षर. "मृग. हवा दमट. खुंट्या फुगल्या, तारा सैल केल्या." "मिरजेला जवारी." "खर्ज तुटली. नवी लावली." "पंचम बदलली. आता बरा बोलतो." तारखांसकट, कितीतरी वर्षांचं. कुठल्या मोठ्या गवयाला साथ केली, कोण काय म्हणालं, याची एक ओळसुद्धा नाही. दाजींनी वही हातात घेतली, चष्मा काढला आणि परत घातला.

काय करायचं ते त्या वहीनंच ठरवलं. पुरस्कार नको, व्यासपीठ नको. सांभाळ हवा.

आमच्या ओळखीतला एक संगीत वर्ग आहे, तालुक्याच्या गावी. रीतसर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था, दरवर्षी हिशेब तपासून घेणारी माणसं. तिथल्या मुली मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात. त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्या घरात तंबोरा नाही तिथे त्या फोननं गाणं जिवंत ठेवलंय. पण तंबोरा स्वतःच्या हातानं लावताना कान जसा तयार होतो, तसा बटण दाबून होत नाही. ताई वर्ग घ्यायची तेव्हा पहिले तीन महिने मुलींना सा लावण्यापलीकडे काही शिकवायचीच नाही, आणि आया तक्रार करायच्या.

ताईचे पोस्टातले पैसे, दाजींनी घातलेले, दादाचे आणि माझे, असे पाच लाख झाले. देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं, की ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा व्हावी, मुद्दलाला हात लागू नये. हे लिहिलं नाही तर देणगी चालू खर्चात धरली जाते, आणि भल्या हेतूनं दिलेले पैसे दोन वर्षांत मंडपात आणि चहात संपतात. सध्याच्या साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये येतात. त्यातला चौथा हिस्सा, ८,१२५ रुपये, परत मुद्दलात. आजोबांच्या हजाराची ती शिकवण. महागाईला एवढं पुरत नाही, म्हणून ताईच्या वाढदिवसाला आम्ही घरचे मिळून जमेल तेवढी भर घालतो. उरलेल्या २४,३७५ रुपयांत तारा, जवारी, फुटतुटीची दुरुस्ती, आणि वर्षातून दोनदा कारागिराचं जाणं-येणं. ताईची जोडी पेटीवरच्या पांढरी चार पट्टीची, मुलींच्या सुराची. मुलांचं काय, म्हणून दादानं वेगळे पैसे घालून काळी एकची जोडी मिरजेहून करवून घेतली. पंख्याचं त्यानं परत कधी काढलं नाही. पण भोपळा निवडायला तो स्वतः गेला होता, आणि कारागीर भोपळ्यावर टिचकी मारून कसा ऐकतो ते घरी येऊन वहिनींना करून दाखवत होता.

तंबोरे घरी न्यायला मिळतात. एका मुलीकडे तीन महिने. अट एकच: रोज वाजला पाहिजे, आणि काही बिघडलं तर लपवायचं नाही, वहीत लिहायचं.

संस्थेच्या चिटणिसांनी संगमरवरी पाटी लावू म्हटलं. फार आपुलकीनं म्हणाले. दाजींनी नको म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, नाव कुठेच नको का? तेव्हा दाजी कपाट उघडून ताईच्या इरकली साड्या घेऊन आले. चार गवसण्या झाल्या त्यांच्या. आतून मऊ सुती अस्तर, बाहेर हिरवं, जांभळं, डाळिंबी इरकल, आणि काठ बरोबर दांडीवरून वर जातो. शिंप्याला दाजींनी बजावून सांगितलं होतं, आतला खिसा विसरू नकोस. पत्र्याची डबी आणि वही त्या खिशात जाते. वहीची अर्धी पानं कोरी होती.

या पावसाळ्यात मी गेले होते. वर्ग भरायला वेळ होता, खोलीत ओल्या कपड्यांचा वास होता. आठवी-नववीतली एक मुलगी डाळिंबी गवसणीतला तंबोरा परत करायला आली होती. आईनं छत्री धरली होती ती तंबोऱ्यावर. दोघी मायलेकी भिजल्या होत्या. मुलगी माझ्याकडे बघेना. गवसणी खाली ठेवून नुसती उभी राहिली. आईनं हळूच ढकललं तशी म्हणाली, "मावशी, वहीत लिहिलंय मी."

मी खिशातून वही काढली. ताईच्या शेवटच्या ओळीखाली, एक ओळ सोडून, निळ्या शाईत, शाळेतल्या अक्षरात:

"जोडाची तार तुटली. माझ्या हातून. नवी लावली. दोरा दोनदा सरकवला. आता बोलतो."